व्यवसाय शिक्षण आणि सामाजिक समावेशन : नागपूर

जात, लिंग, अपंगत्व वा दारिद्र्य यांमुळे उत्पादक कामाबाहेर राहिलेल्यांना कसब देऊन त्या कामात मानाने सामावून घेणे, हा व्यवसाय शिक्षणाचा एक हेतू. विदर्भात या विचाराचा उगम बहुधा १९३७ च्या वर्धा परिषदेत, नई तालीमच्या, म्हणजे हस्तोद्योगातून शिक्षण देण्याच्या गांधीजींच्या योजनेच्या, मांडणीत दाखविला जातो. नागपुरापुरता तो गिरण्यांच्या काळाइतका जुना मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

नागपुरातली एम्प्रेस मिल ही कापड गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. गिरणीतले काम साच्याशेजारी, म्हणजे यंत्राशेजारी, उभे राहूनच शिकायचे. त्यामुळे कोणाला कोणत्या खात्यात उभे राहू देतात, यावर शिक्षण ठरे. मुंबईत अस्पृश्य कामगारांना विणाई खाते बंद होते. धोट्याच्या, म्हणजे मागात आडवे सूत नेणाऱ्या साधनाच्या, भोकातून सूत तोंडाने ओढावे लागे आणि तोच धोटा पुढे दुसऱ्याच्या ओठांना लागे, हे त्याचे कारण सांगत. मुंबईच्या गिरणी कामगारांच्या १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. नागपूरला मात्र हे चित्र जसेच्या तसे लावता येत नाही. इकडील महार पूर्वापार जाडेभरडे कापड विणत. मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरील रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात तशी नोंद आहे. कोष्टी व मोमीन विणकरांप्रमाणे तेही माग जाणत. अशा हातांना ‘अकुशल’ म्हणणे अन्यायाचेच होते.

सुईणपण विटाळाचे मानले जाई. बालविधवा कमलाताई होस्पेट यांनी परिचारिकेचे शिक्षण घेऊन १९२१ मध्ये वेणूताई नेने यांच्यासह मातृ सेवा संघ उभारला, तेव्हा त्या कामाला प्रतिष्ठा आली.

केंद्राच्या १९५० च्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून आयटीआय, म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्था, आल्या. राज्यात त्यांच्या प्रवेशात अनुसूचित जातींना १३ व जमातींना ७ टक्के आरक्षण आहे. दिव्यांगांना सर्वसाधारण प्रशिक्षणातच सामावून घेण्याची तरतूद २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे.

आयटीआयतील फिटरच्या वर्गात सुरुवातीला हाती कानस येते. लोखंडी तुकडा घासायचा, गुण्या (काटकोन तपासण्याचे साधन) लावून उजेडाकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचा. तिथे आडनाव कोणी विचारत नाही. ते आडवे येऊ शकते पुढे, नागपूरजवळच्या हिंगणा-बुटीबोरीच्या कारखान्यांत शिकाऊ उमेदवारीची जागा शोधताना. म्हणूनच १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात १९७३ च्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखल्या गेल्या, हे महत्त्वाचे.