माईकला ओठ टेकवून गायलेला नाताळ

वसईला बाबांच्या ऑफिसातले एक काका राहायचे आणि दर पंचवीस डिसेंबरला आमची सगळी वरात त्यांच्याकडे जेवायला. वसईतलं कॅथलिक घर, त्यामुळे सगळं मराठीच, प्रार्थना मराठी, भांडणं मराठी, त्यांची आजी लाल लुगड्यात दारात बसलेली, फक्त टेप रेकॉर्डरमधून गायचा तो एक अमेरिकन माणूस. जिम रीव्हज. कॅसेट इतकी घासलेली की दुसऱ्या बाजूच्या एका गाण्यात मधेच त्याचा आवाज पाण्यात बुडाल्यासारखा व्हायचा आणि दोन सेकंदांनी परत वर यायचा. आता तेच गाणं फोनवर स्वच्छ ऐकतो आणि त्या जागी तो बुडत नाही तर मलाच काहीतरी चुकल्यासारखं होतं.

बरं मी ख्रिश्चन नाही, आमच्याकडे झाड नाही, मोजे नाहीत, आणि बर्फ म्हणाल तर मनालीला एकदा पाहिला तो पण चिखलात कालवलेला. तरी डिसेंबरात कुठल्या मॉलमध्ये बिंग क्रॉसबी नाहीतर नॅट किंग कोल असा जुना अमेरिकन गायक लागला की पोटात हलल्यासारखं होतं, ते का? "लहानपणीच्या आठवणी" हे उत्तर अर्धंच आहे. कारण क्रॉसबी मी लहानपणी ऐकलाच नव्हता.

उरलेलं अर्धं उत्तर माईकमध्ये आहे.

१९२५ च्या आधी रेकॉर्डिंग म्हणजे गायक एका मोठ्या भोंग्यात तोंड घालून ओरडायचा आणि त्या आवाजाच्या धक्क्यानेच सुई मेणावर खाचा पाडायची. विजेचा काही संबंध नाही. हळू गायलं तर सुई हलायचीच नाही. स्टेजवरही तेच, मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा तर फुप्फुसं हवीत, आणि ऑपेरावाले तर घशाची अशी काही ठेवण करतात की साधारण ३००० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला तीन हजार कंपनं) आसपास त्यांच्या आवाजात एक धार येते, जिथे ऑर्केस्ट्रा तेवढा जोरदार नसतो, म्हणून एकटा माणूस साठ वाद्यांवरून ऐकू येतो. आपल्या संगीत नाटकांतले जुने गायकनटही बिनमाईकचे, त्यांचंही सगळं गाणं "शेवटच्या रांगेतल्या माणसासाठी" असायचं.

१९२५ मध्ये अमेरिकेत विजेचं रेकॉर्डिंग सुरू झालं आणि ही गरजच संपली. कुजबुजलं तरी चालतं, वाढवायचं काम मशीन करतं. यातून जी गायकांची जात निघाली ती क्रूनर, म्हणजे गुणगुणल्यासारखं, पुटपुटल्यासारखं गाणारे. लोकांना हे इतकं जवळचं, इतकं खासगी वाटलं की काहींना ते अश्लीलच वाटलं, १९३२ मध्ये बोस्टनचे कॅथलिक धर्मगुरू कार्डिनल ओकॉनेल यांनी क्रूनर लोकांवर जाहीर तोंडसुख घेतलं होतं. आणि गंमत बघा, दहाच वर्षांनी ख्रिसमसचा आवाज म्हणजे क्रूनरचा आवाज असं समीकरण होऊन बसलं.

आता हे "जवळचं वाटणं" नुसतं काव्य नाही, त्यात फिजिक्स आहे. सोसायटीच्या गणपतीत स्टेजवर "हॅलो हॅलो, माईक टेस्टिंग" करणारा जो मुलगा असतो त्याला आठवा. हातभर लांबून बोलतो तेव्हा पिपाणी, आणि माईक ओठाला टेकवला की एकदम आकाशवाणीचा निवेदक. तो मुलगा तोच, घसा तोच. मग हा खर्ज येतो कुठून?

तीस-चाळीसच्या दशकातल्या स्टुडिओत जे रिबन माईक होते त्यात ॲल्युमिनियमची एक अगदी पातळ, चुण्या पाडलेली पट्टी चुंबकाच्या दोन टोकांमध्ये सैल टांगलेली असते, इतकी नाजूक की जोरात फुंकर मारली तर कामातून जाईल. पट्टी दोन्ही बाजूंनी उघडी असते, त्यामुळे ती हलते ती पुढच्या आणि मागच्या हवेच्या दाबात जो फरक असेल त्याने. आता खर्जाचे सूर घ्या. १०० हर्ट्झची एक लाट जवळपास साडेतीन मीटर लांब, तिच्यापुढे ही पट्टी म्हणजे समुद्रात काडी, त्यामुळे काडीच्या पुढे आणि मागे दाब जवळजवळ सारखाच, फरक नगण्य. म्हणजे खर्ज कमी यायला हवा. ही तूट भरून निघावी म्हणून पट्टीची रचनाच अशी केलेली असते की ती खालच्या सुरांना जास्त सैलपणे हलते, आणि लांबून ऐकताना हिशोब बरोबर जुळतो.

पण गायक जवळ आला की हिशोब बिघडतो. समजा आवाजाला पट्टीच्या पुढे पोचायला २०० सेंटीमीटर आणि वळसा घालून मागे पोचायला २०३, तर अंतराने जवळजवळ काहीच फरक पडत नाही. तेच तोंड ५ सेंटीमीटरवर आणलं तर पुढे ५ आणि मागे ८, आणि आवाजाचा दाब अंतराच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो, म्हणजे पुढचा दाब मागच्याच्या दीडपटीहून जास्त. हा फरक सगळ्या सुरांना मिळतो, खर्जालाही, आणि खर्जाची तूट तर आधीच भरून ठेवलेली! म्हणून खालचे सूर जास्तच फुगतात. याला प्रॉक्सिमिटी इफेक्ट म्हणतात, म्हणजे जवळ आल्याचा परिणाम. आपल्या गणपतीच्या माईकमध्ये रिबन नसते पण तोही मागून थोडी हवा घेतो, म्हणून त्यालाही हे लागू. (फोनच्या माईकवर करून बघू नका, तो बहुतेक वेळा एकाच बाजूने उघडा असतो, त्यात ही जादू होत नाही.)

आता आपल्या मेंदूच्या बाजूने बघा. जन्मापासून आपण शिकलोय की हळू, जोर न लावता काढलेला, श्वास ऐकू येणारा आवाज फक्त तोच माणूस आपल्याला ऐकवू शकतो जो अगदी कानाशी आहे. आई, आजी, पुढे नवरा-बायको. अंगाई कोणी गच्चीवरून गात नाही ना. क्रूनरचं रेकॉर्ड हे अंतर खोटं करतं, माणूस हजारो मैल लांब आणि बऱ्याचदा मेलेला, पण आवाजाची सगळी लक्षणं वीतभर अंतराची. क्रॉसबीला हे कळलेलं होतं, तो माईककडे भोंगा म्हणून न बघता वाद्य म्हणून बघायचा. जिम रीव्हज तर आधी चांगला मोठ्याने गायचा, १९५७ च्या सुमारास त्याने गाण्याची पट्टी खाली आणली आणि ओठ जवळपास माईकला टेकवून गायला लागला, आणि तिथून त्याचं नशीबच पालटलं. १९६३ मध्ये त्याची बारा ख्रिसमस गाण्यांची रेकॉर्ड आली, पुढच्या जुलैत तो विमान अपघातात गेला, आणि ती रेकॉर्ड मात्र गोवा, वांद्रे, वसई, केरळ, मेघालय कुठे कुठे घरच्यासारखी राहिली.

पण कानाशी तर हजार लोक गायले, तलत महमूद गायला, आपले अरुण दाते गायले, मग या नाताळाच्या गाण्यांतच ही विशिष्ट हुरहुर कशी? मला वाटतं त्याचं कारण हे की ही गाणी जुनी होऊन हुरहुर लावणारी झालेली नाहीत, ती पहिल्या दिवसापासूनच हुरहुरीची होती.

'व्हाइट ख्रिसमस' घ्या. ते लिहिणारा आयर्विंग बर्लिन, रशियातून लहानपणी आलेला ज्यू माणूस, ख्रिसमस त्याचा सणच नाही, उलट १९२८ च्या पंचवीस डिसेंबरला त्याचं तान्हं बाळ गेलेलं. गाण्याची मूळ सुरुवात तर लॉस एंजेलिसमधल्या उन्हाची, ताडाच्या झाडांची आहे, तिथे बसून एकजण उत्तरेकडच्या बर्फाची आठवण काढतोय. क्रॉसबीच्या रेकॉर्डमध्ये तो भाग गाळलाय आणि राहिलं फक्त स्वप्न. चाल पण बघा, सुरुवातीला कुठेही उडी नाही, अर्ध्या अर्ध्या स्वराने सरपटत वर जाते, कोणीतरी स्वतःशीच पुटपुटावं तशी. क्रॉसबीने ते रेडिओवर पहिल्यांदा गायलं २५ डिसेंबर १९४१ ला, पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याला, म्हणजे अमेरिका युद्धात ओढली गेली त्याला, १८ दिवस झाले होते. २९ मे १९४२ ला रेकॉर्डिंग, म्हणतात की १८ मिनिटांत उरकलं. त्यानंतरचा नाताळ आला तोवर लाखो मुलं परदेशात, काही तर पॅसिफिकच्या बेटांवर घामाघूम, आणि सैनिकांच्या रेडिओवर या गाण्याची मागणी थांबेना. इतक्या तबकड्या छापल्या गेल्या की मूळ साचा झिजला आणि १९४७ मध्ये क्रॉसबीला परत बोलावून जवळजवळ तसंच्या तसं गाऊन घ्यावं लागलं, आज आपण बहुतेक वेळा ऐकतो ते हे दुसरं. म्हणजे नक्कलच, पण कोणाचं काही अडत नाही.

नॅट किंग कोलचं ते भाजलेल्या चेस्टनटवालं गाणं? १९४५ च्या जुलैत, कॅलिफोर्नियाच्या रणरणत्या उन्हात, बॉब वेल्सने गारव्याच्या चार ओळी खरडल्या म्हणजे तेवढंच थंड वाटेल, मेल टॉर्मे आला आणि पाऊण एक तासात गाणं तयार. बर्फ पडू दे म्हणणारं दुसरं प्रसिद्ध गाणंही त्याच जुलैचं, हॉलिवूडमधलं, उकाड्यातलंच. बर्फात बसून बर्फाची गाणी लिहिणारे कमीच निघाले.

घरची ओढ, सैनिक आणि गाणं हे त्रिकूट तसं जुनं आहे. नॉस्टॅल्जिया हा शब्दच १६८८ मध्ये बासेलच्या योहान्नेस होफर नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने रोगाचं नाव म्हणून बनवला, परदेशात असलेले स्विस लोक घरच्या आठवणीने झुरतात त्यासाठी. तत्त्वज्ञ रूसोने १७६८ मध्ये लिहिलंय की गाई हाकायची एक चाल स्विस सैनिकांत वाजवायला बंदी होती, कारण ती ऐकून ते रडायचे, पळून जायचे.

आता मात्र संशोधक नॉस्टॅल्जियाला औषधाच्या बाजूने बघतात. साउदम्प्टन विद्यापीठातले सेडिकिडीस, विल्डशुट आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं हेच दाखवतायत की एकटेपणा वाटला की माणूस आठवणींकडे वळतो आणि त्या आठवणींमुळे आपल्याला माणसं आहेत असं वाटायला लागतं. २०१२ च्या एका पेपरात तर थंडीत नॉस्टॅल्जिया जास्त होतो आणि तशी गाणी ऐकून लोकांना चक्क ऊब जाणवते असं निघालं. असले प्रयोग छोटे असतात, त्यावर मी स्वेटर विकून टाकणार नाही, पण डिसेंबरच का याचा एक धागा मिळतो.

दुसरा धागा मला जास्त पटतो. स्मृतीच्या अभ्यासात एक नियम आहे की एका खुणेला जितक्या जास्त आठवणी बांधाल तितकी ती खूण बोथट होते. एखादं हिट गाणं वर्षभर रिक्षात, जिममध्ये, लग्नात वाजलं की ते कशाचंच राहत नाही. नाताळाची गाणी अकरा महिने कपाटात बंद असतात आणि चार-पाच आठवडे बाहेर येतात, म्हणून ती फक्त डिसेंबराशीच चिकटून राहतात. दिवाळीच्या पहाटेचं रेडिओवरचं कीर्तन घ्या, ते मे महिन्यात लावलं तर उटण्याचा वास येईल का सांगता येत नाही, पण रोज लावलं तर नक्की येणार नाही.

आणि मी न ऐकलेल्या क्रॉसबीचं काय? अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या कॅरल क्रमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांनी २०१३ मध्ये कॉलेजच्या मुलांना १९५५ पासूनची हिट गाणी ऐकवली. स्वतःच्या वयातल्या गाण्यांच्या आठवणी असणारच, पण आलेखात आणखी एक उंचवटा निघाला, आईबाप तरुण असतानाच्या काळाचा, आणि त्याही मागे आजीआजोबांच्या काळाकडे आणखी एक. म्हणजे घरात वाजणारी गाणी पोरांच्या डोक्यात वारशाने उतरतात, जन्माआधीची असली तरी. माझ्यापुरतं म्हणायचं तर रीव्हजमुळे कानाला त्या प्रकारच्या आवाजाची ओळख झालेली, क्रॉसबी त्याच दारातून आत आला.

काका गेले त्याला आता चार वर्षं झाली. नाताळला आम्ही अजून जातो, त्यांचा मुलगा ब्लूटूथ स्पीकरवर तीच बारा गाणी लावतो, एकदम स्वच्छ. काकू स्वयंपाकघरात असतात, ऐकू कमी येतं त्यांना आता. गेल्या डिसेंबरला ते कॅसेटवाले दोन सेकंद जवळ आले तेव्हा मी सहज आत बघितलं, तर पातेल्यात ढवळायचा हात थांबला होता. गाणं पुढे गेलं, मग डाव परत फिरला.