सस्पेन्शन लिंक (ऑफरोड ट्रक)

एक्सल (चाकांना जोडणारा आस) आणि चासी (गाडीचा सांगाडा) यांना जोडणारा, दोन्ही टोकांना फिरता सांधा असलेला दांडा म्हणजे सस्पेन्शन लिंक. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) सस्पेन्शनमध्ये गाडीचे वजन पेलणे आणि एक्सल जागेवर धरणे ही दोन्ही कामे पाटेच करतात. लिंका बसवल्या की वजन कॉइल स्प्रिंगवर जाते, लिंकांकडे एक्सल धरण्याचे काम तेवढे राहते आणि चाकाला खाली-वर व्हायला भरपूर वाव मिळतो. 1970 ची रेंज रोव्हर आणि 1997 ची जीप रँग्लर टीजे या गाड्या कारखान्यातूनच लिंका घेऊन आल्या. भारतात मारुती जिप्सी अखेरपर्यंत पुढेमागे पाट्यांवरच चालली. महिंद्रा थारच्या मागच्या एक्सलला 2020 च्या आवृत्तीत लिंक आणि कॉइल मिळाले.

मापाबरहुकूम लिंका घडवण्याची परंपरा मुख्यतः अमेरिकी वर्कशॉपमधली. कॅलिफोर्नियातील जॉन्सन व्हॅलीत 2007 पासून होणाऱ्या ‘किंग ऑफ द हॅमर्स’ शर्यतीत एकाच गाडीला वाळवंटातून सुसाट पळावे लागते आणि खडकांवरून चढावेही लागते. तिथे लिंकांचा खरा कस लागतो.

मागच्या एक्सलला बहुधा चार लिंका असतात. वरच्या दोन तिरक्या लावल्या तर एक्सल आडवा सरकत नाही आणि वेगळा पॅनहार्ड रॉड (एक्सलला आडवे सरकू न देणारा, चासीला जोडलेला आडवा दांडा) लागत नाही. मात्र त्या दोघींमधला कोन साधारण 40 अंशांहून कमी नसावा, असा प्रघात आहे. पुढे इंजिन आणि स्टिअरिंगची अडचण असते, म्हणून तीन लिंका आणि एक पॅनहार्ड रॉड लावतात. हा रॉड ड्रॅग लिंकला (स्टिअरिंगची हालचाल चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्याला) समांतर नसला, तर प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप वळते. मागच्या लिंकांचे उतार चुकले तर चढावर मागचा भाग उचलला जाऊन चाके उड्या मारू लागतात. हे दोष वेल्डिंग कितीही सुबक असले तरी जात नाहीत. म्हणून आधी स्प्रिंग काढून, ब्रॅकेटना (लिंक जिथे बोल्टने अडकवतात त्या पत्र्याच्या कानांना) नुसते टॅक (वेल्डिंगचे तात्पुरते ठिपके) मारून आणि कच्च्या पाइपच्या तात्पुरत्या लिंका लावून एक्सल पूर्ण वर, पूर्ण खाली आणि तिरका करून पाहतात. कुठे काही अडत नाही अशी खात्री झाली, की मगच पक्की लांबी घेतात.

गाडी पुढे जाताना मागच्या एक्सलची खालची लिंक दाबली जाते, वरची ताणली जाते. शिवाय खालच्या लिंकेवर खडक आपटतात, त्यामुळे तिला जाड पाइप लागतो. 2 इंच बाहेरचा व्यास आणि पाव इंच जाडी हे नेहमीचे माप. पाणी-गॅसचा पाइप या कामाचा नाही. त्यावर जस्ताचा मुलामा असेल तर वेल्डिंगचा धूरही विषारी. मँड्रेलवरून ओढलेला डीओएम पाइप किंवा 4130 क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनमचे मिश्र पोलाद) वापरतात. एकाच मापात दोघांचा ताठपणा जवळपास सारखाच असतो, त्यामुळे उष्णतोपचाराशिवाय क्रोमोलीला जास्त पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही. 7075 ॲल्युमिनियमचा भरीव दांडा वाकून परत सरळ होतो आणि खडकावरून घसरतो. पण त्याला वेल्डिंग चालत नाही, आटे थेट दांड्यातच पाडावे लागतात.

पोलादी पाइपच्या टोकात लेथवर कातलेला आट्यांचा बुश ठोकून बसवतात, सांध्याचा आट्यांचा दांडा त्यात फिरवून घालतात. एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्याला डावे. म्हणजे पाइप फिरवून लांबी कमी-जास्त करता येते. बुशमध्ये जुना बोल्ट घालूनच वेल्डिंग करावे, नाहीतर उष्णतेने आटे आखडतात. पाइपची कड तिरकी घासायची, धातू चकचकीत होईपर्यंत गंज काढायचा, समोरासमोर चार टॅक मारून मग पूर्ण वळसा घ्यायचा. पाइपला आधीच पाडलेली भोकेही वेल्डिंगने बुशपर्यंत भरून घेतात. आर्गन (टिग) वेल्डिंग किंवा सीओटू (मिग) वेल्डिंग, दोन्ही चालतात. क्रोमोली मात्र हवेत सावकाश थंड होऊ द्यायचे, पाण्यात बुडवायचे नाही. सांध्यात रबर किंवा युरेथेनचा बुश असेल तर तो आधी बाहेर काढतात.

सगळ्यांची नजर जाड पाइपवर असते, पण तुटतात बहुधा ब्रॅकेट. बोल्टला दोन्ही बाजूंनी पाव इंची पत्र्याचा आधार हवा. एक्सलच्या नळीवर एकाच जागी सलग वेल्डिंग केले तर नळी वाकते, म्हणून थोडे इकडे, थोडे तिकडे असे करतात. डाना 60 सारख्या दणकट अमेरिकी एक्सलचा मधला भाग ओतीव लोखंडाचा असतो. तिथे आधी तापवून, निकेलच्या रॉडने वेल्डिंग करून हळूहळू गार करावे लागते.

भारतात रस्त्यावरच्या गाडीसाठी मोटार वाहन अधिनियम, 1988 चे कलम 52 लागू होते. नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल करता येत नाही.

प्रत्येक फेरीनंतर सांध्याचे आटे जागेवर जखडणारे लॉक नट सैल झालेत का ते पाहतात. वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी चीर दिसली किंवा लिंक वाकली, तर ठोकून सरळ न करता ती बदलतात.