लिनक्सवर वायफाय दिसेनासे झाले तर
(लिनक्स मिंट, उबुंटू आणि डेबियन वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

लॅपटॉपचे वायफाय गेले की बहुतेक जण एक तर लिनक्स पुन्हा टाकतात, नाहीतर बाजारात मिळेल तो डोंगल (यूएसबीला लावायचे सुटे वायफाय) घेऊन येतात. दोन्हींची गरज क्वचितच पडते. लॅपटॉपमधले वायफायचे कार्ड खरोखर मेलेले फार कमी वेळा निघते. ते बंद केलेले असते, त्याला ड्रायव्हर (कार्ड चालवणारे लिनक्सचे सॉफ्टवेअर) लागलेला नसतो, ड्रायव्हर असतो पण फर्मवेअर नसते, किंवा आतली अँटेनाची तार सुटलेली असते. यांतले नेमके काय झाले आहे, हे घरबसल्या दहा-पंधरा मिनिटांत कळू शकते. त्यासाठी हे पत्रक.

कमांड कशा वाचायच्या

फोनवरून एकमेकांना सांगायला सोपे जावे म्हणून कमांड इथे उच्चाराप्रमाणे छापल्या आहेत. टाइप करताना सगळी अक्षरे इंग्रजी, लहान लिपीत. अक्षरांमधली जोडरेघ फक्त वाचण्यासाठी आहे, ती टाइप करू नका. जिथे खरोखर रेघ द्यायची तिथे 'डॅश' असा शब्द लिहिला आहे. जिथे दोन शब्दांत मोकळी जागा दिसते तिथे स्पेस द्या; मात्र 'डॅश' नंतर स्पेस नको, पॅकेजच्या नावांत डॅशच्या आधीही नको, आणि 'अंडरस्कोर' व 'बरोबर' यांच्या दोन्ही बाजूंना नको. टर्मिनल उघडायला कंट्रोल, ऑल्ट आणि टी ही बटणे एकत्र दाबा. 'सुडो' ने सुरू होणारी कमांड पासवर्ड मागते. तो टाकताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ते तसेच असते. टाइप करा आणि एंटर मारा.

आधी कार्ड बंद तर नाही ना?

आर-एफ-किल लिस्ट

ही कमांड द्या. वायरलेस लॅनच्या खाली दोन ओळी येतात. 'सॉफ्ट ब्लॉक्ड' पुढे यस असेल तर कार्ड सॉफ्टवेअरने बंद केले आहे. 'सुडो आर-एफ-किल अनब्लॉक ऑल' दिले की सुरू होते. 'हार्ड ब्लॉक्ड' पुढे यस असेल तर मात्र कमांडने काही होणार नाही. लॅपटॉपच्या कडेला वायफायची छोटी खटकी आहे का बघा (जुन्या लॅपटॉपवर असते), नसेल तर एफएन आणि विमानाचे चित्र असलेले बटण एकत्र दाबा. काही जुन्या लेनोव्हो आयडियापॅडमध्ये खटकीच नसते, तरी 'आयडियापॅड लॅपटॉप' नावाचे मॉड्यूल (लिनक्सचा एक सुटा ड्रायव्हर) ती आहे आणि बंद आहे असे समजून बसते. ते मॉड्यूल काढून टाकावे लागते. हे काम आम्ही फोनवरूनही करून देतो.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवले असेल तर आणखी एक कारण संभवते. विंडोजचे फास्ट स्टार्टअप चालू असले की 'शट डाउन' केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपते. कार्डही त्याच अवस्थेत राहते आणि मग लिनक्सला ते नीट सुरू करता येत नाही. विंडोजमधून बाहेर पडताना शिफ्ट दाबून ठेवून शट डाउन करा. तेवढ्याने वायफाय आले तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप कायमचे बंद करून टाका.

लाइट सारखी येत-जात असेल तेव्हा कार्ड मध्येच अडकलेलेही सापडते. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी सुटी होत असेल तर तीही काढा आणि पॉवरचे बटण ३० सेकंद दाबून धरा. मग पुन्हा जोडून सुरू करा. उपाय बाळबोध वाटतो, पण लॅपटॉप उघडण्याआधी आम्हीही हेच करून बघतो.

दुरुस्तीपुरते इंटरनेट

ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर हवा, इथे पुष्कळ जण अडतात. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. लिनक्स त्याला तारेचे नेटवर्क समजते, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. केबल डेटा वाहणारी असावी. स्वस्तातल्या काही केबल फक्त चार्जिंग करतात आणि मग टेदरिंगचा पर्याय फोनवर फिकट राहतो. फर्मवेअरचे पूर्ण पॅकेज काही शे एमबीचे असते, तेव्हा डेटा पॅक बघूनच सुरुवात करा.

कार्ड कोणते आहे?

एल-एस-पी-सी-आय डॅश एन-एन-के

लॅपटॉपच्या आतल्या कार्डासाठी ही. यूएसबी डोंगलसाठी 'एल-एस-यू-एस-बी'. पहिल्या कमांडच्या यादीत 'नेटवर्क कंट्रोलर' ही ओळ शोधा. शेवटी चौकोनी कंसात दोन क्रमांक असतात, मध्ये विसर्गचिन्ह. पहिला क्रमांक चिप बनवणाऱ्याचा: ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी रियलटेक, १४ई४ ब्रॉडकॉम, १६८सी अथेरॉस, १४सी३ मीडियाटेक. आम्हाला फोन कराल तेव्हा लॅपटॉपचे मॉडेल सांगण्याऐवजी हे दोन क्रमांक सांगा, कारण एकाच मॉडेलमध्ये कंपन्या वेगवेगळी कार्डे बसवतात. डोंगलचेही तेच. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या डोंगलच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप आहे आणि पुढच्या आवृत्त्यांत रियलटेकची. वरून खोके तेच, आतला ड्रायव्हर निराळा.

त्या ओळीच्या खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' असे दिसले तर ड्रायव्हर लागला आहे. ती ओळच नसेल तर ड्रायव्हर नाही. कार्डच यादीत नसेल तर बिघाड बहुधा सॉफ्टवेअरचा नाही. तेव्हा सरळ खाली खाऱ्या हवेच्या मजकुराकडे या.

ड्रायव्हर आहे, तरी वायफाय नाही

मग फर्मवेअर बघायचे. कार्डावर स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो आणि त्याला चालवणारी फाइल लिनक्सने दर वेळी सुरू होताना त्याच्यात भरायची असते. 'सुडो डी-एम-ई-एस-जी' ही कमांड द्या आणि फर्मवेअर हा शब्द शोधा. 'फेल्ड विथ एरर डॅश २' असे दिसले तर फाइल जागेवर नाही. डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये या फाइल २०२३ साली आलेल्या डेबियन १२ पासून येतात, त्याआधीच्या आवृत्त्यांत त्या वेगळ्या घ्याव्या लागत. इंटेलसाठी 'फर्मवेअर डॅश आय-डब्ल्यू-एल-वायफाय', रियलटेकसाठी 'फर्मवेअर डॅश रियलटेक', अथेरॉससाठी 'फर्मवेअर डॅश अथेरॉस' ही डेबियनमधली पॅकेजे. मिंट आणि उबुंटूमध्ये सगळे मिळून एकच 'लिनक्स डॅश फर्मवेअर' असते. अथेरॉसच्या जुन्या एआर९२८५, एआर९४८५ या कार्डांना तर फर्मवेअरची फाइल लागतच नाही. जुना लॅपटॉप घेताना त्यात हे कार्ड निघाले तर आम्ही खूश होतो.

कोणत्या कार्डाला काय लागते

रियलटेक ८८२१सीई हे कार्ड स्वस्त लॅपटॉपमध्ये सर्रास असते. त्याचा ड्रायव्हर कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.९ पासून लिनक्समध्येच आहे. म्हणून ५.४ कर्नलवरच्या मिंट २० मध्ये ते दिसत नाही आणि मिंट २१ मध्ये आपोआप चालते. ८८५२बीई साठी कर्नल ६.२ किंवा पुढचा हवा. मिंट २२ आणि उबुंटू २४.०४ यांच्यात ६.८ आहे, तिथे प्रश्न येत नाही. सध्याचा कर्नल कोणता, ते 'यू-नेम डॅश आर' सांगते. मिंटमध्ये अपडेट मॅनेजरच्या व्ह्यू मेनूत 'लिनक्स कर्नल्स' आहे, तिथून नवा घेता येतो. इंटरनेटवर सापडलेला कुठलातरी ड्रायव्हर स्वतः कंपाइल करत बसण्यापेक्षा कर्नल बदलणे केव्हाही बरे. कंपाइल केलेला ड्रायव्हर पुढच्या अपडेटला पुन्हा मोडतो.

रियलटेक ८७२३बीई ची तऱ्हा वेगळी. राउटरशेजारी बसले की सगळ्या काड्या, माजघरातून पडवीत आलात की एकच. या कार्डाला दोन अँटेनांची जागा असते, पण काही लॅपटॉपमध्ये कंपनीने तार एकच जोडलेली असते आणि ड्रायव्हर नेमका रिकाम्या जागेवर ऐकत बसतो. आधी 'सुडो मॉडप्रोब डॅश आर आर-टी-एल-८७२३-बी-ई' देऊन ड्रायव्हर काढा. मग तीच कमांड 'डॅश आर' न लिहिता द्या आणि शेवटी स्पेस देऊन 'ए-एन-टी अंडरस्कोर एस-ई-एल बरोबर २' जोडा ('बरोबर' म्हणजे बरोबरचे चिन्ह). फरक पडला नाही तर २ च्या जागी १. जो आकडा लागू पडेल तो ईटीसी फोल्डरातल्या 'मॉडप्रोब डॉट डी' मध्ये फाइल करून लिहावा लागतो, नाहीतर रीस्टार्ट केल्यावर पहिले पाढे पंचावन्न.

ब्रॉडकॉमसाठी मिंटचा ड्रायव्हर मॅनेजर उघडा. इंटरनेट नसेल तर ज्या पेन ड्राइव्हवरून मिंट टाकले तोच लावा, ड्रायव्हर त्यातच असतो.

काही डोंगल लावल्यावर वायफाय म्हणून दिसतच नाहीत, सीडी म्हणून दिसतात. विंडोजचा ड्रायव्हर त्या खोट्या सीडीत भरलेला असतो. एल-एस-यू-एस-बी च्या यादीत '०बीडीए' आणि '१ए२बी' हे क्रमांक दिसले तर हाच प्रकार. फाइल मॅनेजरमध्ये ती सीडी 'इजेक्ट' करा, म्हणजे डोंगल खऱ्या रूपात येतो. आणि डोंगल निळ्या यूएसबी ३ पोर्टपेक्षा काळ्या यूएसबी २ मध्ये लावा. यूएसबी ३ च्या गोंगाटाने २.४ गिगाहर्ट्झचे वायफाय बिघडते.

अपडेटनंतर गेले असेल तर

लॅपटॉप सुरू होताना ग्रबच्या (काय सुरू करायचे ते विचारणाऱ्या मेनूच्या) यादीतून 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडा. वायफाय परत आले तर वेगळा टाकलेला ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी तयार झालेला नाही. बहुधा त्या कर्नलची 'हेडर्स' ही पॅकेजे नसतात. ड्रायव्हर भरताना 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असा संदेश आला तर अडवणूक सिक्युअर बूटची (अनोळखी ड्रायव्हर रोखणाऱ्या सुरक्षेची) आहे. ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि पुढच्या रीस्टार्टला निळा पडदा येतो. तो दहा सेकंदच थांबतो! तेवढ्यात कुठलेही बटण दाबा, 'एनरोल एमओके' निवडा, कंटिन्यू, यस, मग तोच पासवर्ड. पडदा हुकला तर ड्रायव्हर टाकण्यापासून पुन्हा सुरुवात.

जोडलेले आहे, पण तुटते किंवा रेंगाळते

बॅटरी वाचवायला कार्ड अधूनमधून डुलक्या काढते. मिंट आणि उबुंटूमध्ये ईटीसी, नेटवर्कमॅनेजर, 'कॉन्फ डॉट डी' या फोल्डरात 'डिफॉल्ट वायफाय पॉवरसेव्ह ऑन' नावाची फाइल असते. तीत पॉवरसेव्हपुढे ३ आहे, तिथे २ लिहा आणि रीस्टार्ट करा. ध्यानात ठेवा, इथे २ म्हणजे बंद.

फोनला नेटवर्क दिसते आणि लॅपटॉपला नाही, असे असेल तर राउटरचा चॅनल बघा. भारतात १२ आणि १३ हे चॅनल वापरता येतात, पण देश न कळलेली किंवा अमेरिकेसाठी बनलेली कार्डे त्यांच्यावर जोडत नाहीत. राउटरवर 'ऑटो' काढून १, ६ किंवा ११ ठेवा.

आपल्याकडची चिऱ्याची भिंत फूटभर जाड, पावसाळ्यात ओलीही असते. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल अशा दोन भिंतींपलीकडे तग धरत नाही. खळ्यात किंवा मागीलदारी बसून काम करायचे असेल तर २.४ चे नेटवर्क निवडा, वेग कमी मिळेल पण तुटणार नाही. गणपतीत घरात पंधरा-वीस चाकरमानी आणि तितकेच फोन असतात, तेव्हाच्या मंदपणाचा दोष कार्डाला देऊ नका.

वायफाय जोडलेले आहे, पण एकही साइट उघडत नाही? तारीख बघा. जुन्या मशीनमधला सीआर२०३२ सेल संपला की घड्याळ मागे जाते आणि ब्राउझर सगळ्या सुरक्षित साइट नाकारतो.

खाऱ्या हवेचे दुखणे

कार्ड यादीतून गायब होते, लॅपटॉप हलवला की परत येते, मिरगानंतर हे वाढते: बहुधा संपर्कांवर थर चढला आहे. कार्डाच्या कडेचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो. त्याखालचे तांबे मिठाच्या दमट हवेत हिरवट पडते. मालवण, वेंगुर्ले, देवगडच्या किनाऱ्यालगतच्या घरांतून असे लॅपटॉप नेहमी येतात.

हे स्वतः करायचेच असेल तर लॅपटॉप बंद करून आधी आतल्या बॅटरीचा कनेक्टर काढा. कार्ड एका स्क्रूने बसवलेले असते, तो काढला की ते तिरके वर उचलते. कडेला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा आणि दहा मिनिटे वाळू द्या. खोडरबर जोराने घासू नका, मुलामाच निघून जातो. गंजावर मारायचा तेलकट स्प्रे तर अजिबात नको.

खरी नाजूक गोष्ट अँटेनाच्या तारांची टोके. एम.२ कार्डांवर ती तांदळाच्या दाण्याहून लहान असतात आणि मोजक्याच वेळा काढ-घाल करण्यासाठी बनवलेली असतात. सरळ वर उचला, बसवताना सरळ खाली दाबा, बारीक टक्क असा आवाज येतो. तिरके ओढले तर टोक मोडते.

नवे कार्ड घेताना इंटेलचे एएक्स२०० किंवा एएक्स२१० घ्या. एएक्स२०१ आणि एएक्स२११ नावे जवळची म्हणून घेऊ नका. ती फक्त इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरांबरोबरच चालतात, एएमडीच्या लॅपटॉपमध्ये नुसती बसतील. आकार २२ बाय ३० मिलिमीटरचा लागतो. काही जुन्या एचपी आणि लेनोव्हो लॅपटॉपचे बायोस (लॅपटॉप सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर) आपल्या यादीबाहेरचे कार्ड नाकारते, तेव्हा विकत घेण्याआधी एकदा विचारा.

दुकानात आणताना लॅपटॉपबरोबर चार्जर आणा, आणि आर-एफ-किल, एल-एस-पी-सी-आय, डी-एम-ई-एस-जी या तिन्ही कमांडच्या पडद्यांचे फोटो आधी पाठवा. डोंगल असेल तर तोही आणा, त्याचे खोके नसले तरी चालेल.