डेटाबेस सर्व्हरच्या गाभ्यातील बग : शोध व दुरुस्ती

डेटाबेस सर्व्हरची मेमरी-व्यवस्था, बफर पूल (डिस्कवरची पेजेस मेमरीत ठेवण्याची जागा), लॅच (आतल्या रचनांवरचे अल्पकाळचे कुलूप), ट्रान्झॅक्शन लॉग (बदलांची नोंदवही), इंडेक्स आणि डिस्कवरील पेजची (डेटाच्या ठरावीक आकाराच्या तुकड्याची) मांडणी यांत राहून गेलेल्या चुका हुडकून त्या सुधारण्याचे काम. संथ क्वेरी, चुकीचे सेटिंग किंवा ॲप्लिकेशनमधील गोंधळ यांचा यात समावेश होत नाही. या बगांचे एक लक्षण सगळ्यांत त्रासदायक असते : नुकसान एका क्षणी होते आणि दिसते भलत्याच क्षणी. एका थ्रेडने (प्रोग्रॅममधील समांतर चालणाऱ्या कामाने) मोकळी केलेली मेमरी दुसरा थ्रेड वापरत राहतो, त्यातून एक पेज बिघडते, ते मुकाट्याने डिस्कवर जाते आणि काही आठवड्यांनी बॅकअप घेताना तिसराच भाग कोसळतो. कोसळलेल्या ओळीत बहुधा काहीच चूक नसते. पुढे दिलेली बहुतेक तंत्रे हे अंतर कमी करण्यासाठी आहेत.

क्रॅशची पहिली तपासणी : प्रक्रिया कोणत्या सिग्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या क्रमांकित सूचनेने) संपली हे आधी पाहावे. लिनक्सवर ११ म्हणजे अवैध पत्त्याला हात लागला. ६ म्हणजे सर्व्हरने स्वतःच विसंगती ओळखून थांबणे पसंत केले. हा सिग्नल त्यातल्या त्यात चांगला, कारण तपासणी चुकीच्या जवळच झालेली असते. ९ आढळला तर बग शोधण्याआधी कर्नलचा लॉग पाहावा, कारण मेमरी संपल्यामुळे कर्नलनेच प्रक्रिया मारलेली असू शकते. ७, म्हणजे बस एरर, कंटेनरमध्ये शेअर्ड मेमरीची (अनेक प्रक्रियांच्या सामाईक मेमरीची) जागा अपुरी पडली तरी येतो. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये एक बॅकएंड (एका जोडणीचे काम करणारी प्रक्रिया) कोसळला की शेअर्ड मेमरीवर भरवसा उरत नाही, म्हणून बाकीचे सगळे बॅकएंडही बंद केले जातात. त्यामुळे लॉगमध्ये एकाच वेळी अनेक संदेश उमटतात. त्यांतला सर्वांत पहिला तेवढा कामाचा.

कोअर डम्प, म्हणजे कोसळत्या क्षणीच्या मेमरीची फाइल, मिळण्यासाठी कोअर फाइलच्या आकारावरची मर्यादा आधीच उठवलेली असावी लागते. एक खाच अनेकांच्या लक्षात येत नाही : लिनक्सच्या कोअर डम्प फिल्टरचे मूळ मूल्य हेक्साडेसिमल ३३ असते आणि त्यात शेअर्ड ह्यूज पेजेस (सामाईक मेमरीचे मोठे तुकडे) धरलेली नसतात. बफर पूल ह्यूज पेजेसवर ठेवलेला असेल, तर कोअर फाइल मिळते पण नेमके बिघडलेले पेज तीत नसते. मूल्य ७३ केल्यास ती पेजेसही येतात. मग डिस्कवर तेवढी जागा हवी. डिबग सिम्बॉल (पत्त्यांना फंक्शन-नावे जोडणारी माहिती) त्याच बिल्डचे हवेत. आवृत्तीचा क्रमांक तोच पण बिल्ड वेगळा असला, तर डिबगर बिनदिक्कत चुकीची फंक्शन-नावे दाखवतो.

सर्व्हर कोसळला नसून अडकला असेल, तर तो पुन्हा सुरू करण्याआधी सर्व थ्रेडचे बॅकट्रेस (कोणत्या फंक्शनमधून कुठे पोहोचले याची यादी) घ्यावेत. घाईने रीस्टार्ट केला की पुरावा गेला. रो आणि टेबलांवरच्या लॉकांसाठी डेडलॉक (एकमेकांची वाट पाहत अडकणे) ओळखणारी यंत्रणा असते. पोस्टग्रेसमध्ये ती १ सेकंद वाट पाहून कामाला लागते. आतल्या लॅचना असे संरक्षण नसते. दोन लॅच उलटसुलट क्रमाने घेतले गेले, तर त्या प्रक्रिया कायमच्या थांबतात. मायएसक्यूएलचे स्टोरेज इंजिन इनोडीबी अशा वेळी मूळ सेटिंगनुसार ६०० सेकंदांनी सर्व्हर मुद्दाम पाडते आणि लॉगमध्ये तसा संदेश सोडते. तो संदेश पाहून इनोडीबीलाच दोष देण्यापेक्षा लॅच कोणी धरून ठेवला होता ते शोधावे.

मेमरीतील चुका : ॲड्रेस सॅनिटायझरने बनवलेला बिल्ड साधारण दुप्पट वेळ घेतो, व्हॅलग्रिंड त्याहून कितीतरी संथ, पण न भरलेल्या मेमरीचा वापरही पकडतो. डेटाबेस सर्व्हर मात्र स्वतःची मेमरी स्वतः वाटतात. पोस्टग्रेस मोठा तुकडा एकदाच मागून घेते आणि त्यातून लहान तुकडे कापून देते, त्यामुळे आतल्या तुकड्यांच्या हद्दी या साधनांना दिसत नाहीत. व्हॅलग्रिंडसाठी खास पर्याय देऊन बिल्ड करावा लागतो. तपासणीच्या बिल्डमध्ये मोकळी केलेली मेमरी हेक्साडेसिमल ७एफ या बाइटने भरली जाते. बॅकट्रेसमध्ये एखादा पॉइंटर ७एफ, ७एफ असा सलग दिसला, की मोकळी केलेली मेमरी वापरली गेली हे जवळपास नक्की.

एखाद्या जागी चुकीचे मूल्य कोणी लिहिले, यावर हार्डवेअर वॉचपॉइंट थेट उत्तर देतो. एक्स८६ प्रोसेसरवर असे ४ मिळतात आणि प्रत्येक जास्तीत जास्त ८ बाइटांवर नजर ठेवतो. त्याला आरआर या साधनाची जोड मिळाली तर काम फारच सोपे होते : एकदा नोंदवलेली क्रॅशची धाव उलटी चालवायची, वॉचपॉइंट लावून मागे जायचे, आणि ते मूल्य लिहिणाऱ्या ओळीवर डिबगर आपोआप थांबतो. या कामातले इतके समाधान देणारे दुसरे साधन नाही. आरआर एका वेळी एकच थ्रेड चालवते, म्हणून काही रेस कंडिशन (थ्रेडच्या वेळेच्या क्रमावर अवलंबून घडणाऱ्या चुका) तिच्यात लपतात. थ्रेडचा क्रम मुद्दाम विस्कटणारा तिचा केऑस मोड त्यासाठीच आहे. मेमरी-क्रमाच्या चुका मात्र त्यानेही सापडत नाहीत. एक्स८६ वर लेखनांचा क्रम बराचसा पाळला जातो, एआरएमवर तसा भरवसा नसतो. राहून गेलेला मेमरी बॅरिअर (वाचन-लेखनाचा क्रम पाळायला लावणारी सूचना) एक्स८६ वर वर्षानुवर्षे झाकलेला राहून एआरएमवर पहिल्याच भारात उघडा पडू शकतो.

बिघडलेले पेज : सर्वांत आधी सर्व्हर थांबवून संपूर्ण डेटा डिरेक्टरीची प्रत घ्यावी. खराब पेज शून्य करून पुढे जाणारी सेटिंग किंवा इनोडीबीतील सक्तीच्या रिकव्हरीची ४ ते ६ ही मूल्ये मूळ प्रतीवर कधीही वापरू नयेत; डेटा कायमचा बिघडू शकतो आणि पुरावाही पुसला जातो.

पेज बाहेर लिहिण्याच्या वेळी चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) मोजला जातो. म्हणून चेकसम चुकला असेल, तर संशय डिस्क, कंट्रोलर, फाइलसिस्टिम किंवा कर्नलवर घ्यावा. चेकसम बरोबर पण मजकूर चुकीचा असेल, तर सर्व्हरनेच चुकीचे पेज लिहिले किंवा त्याआधी रॅममध्ये गडबड झाली. बिघाडाचा आकारही बोलका असतो. एकच बिट उलटला असेल तर रॅम तपासावी. १६ केबीच्या पेजातील नेमके ४ केबी जुने असतील, तर लेखन अर्धवट राहिले. भलत्याच टेबलाचे अख्खे पेज सापडले, तर लेखन चुकीच्या जागी गेले.

पोस्टग्रेसच्या ८ केबी पेजाला २४ बाइटांचे शीर्ष असते. त्यातले पहिले ८ बाइट म्हणजे त्या पेजाला शेवटचा हात लावणाऱ्या लॉग-नोंदीचे स्थान. तिथून लॉग मागे वाचत त्या पेजाचा इतिहास जुळवता येतो. लॉगनुसार व्हायला हवे होते ते आणि डिस्कवर आहे ते यांत पहिला फरक कुठे पडतो, तिथे शोध संपत येतो.

सर्व्हरच्या कोडबाहेरची कारणेही असतात. २०१८ मध्ये उघड झालेले एफसिंकचे (डेटा डिस्कवर पक्का लिहिण्याची विनंती करणाऱ्या सिस्टिम कॉलचे) प्रकरण त्यांत सर्वांत शिकवणारे आहे. पेज डिस्कवर लिहिताना अडचण आली, तर लिनक्स ती चूक एफसिंकमधून एकदा कळवत असे आणि ते पेज लिहिले गेले असे समजत असे. पोस्टग्रेस एफसिंक पुन्हा करून बघे, दुसऱ्या वेळी यश मिळे, चेकपॉइंट (मेमरीतले बदल डिस्कवर पोहोचल्याचा टप्पा) पूर्ण झाला असे मानले जाई, आणि डेटा मात्र हरवलेला असे. २०१९ पासूनच्या आवृत्त्या एफसिंक फसताच सर्व्हर पाडतात आणि लॉगवरून डेटा पुन्हा उभा करतात. त्याच २०१८ मध्ये आलेल्या जीलिबसी (लिनक्सची मूलभूत सी लायब्ररी) २.२८ ने मजकुराचा वर्णानुक्रम बदलला. जुन्या क्रमाने बांधलेले इंडेक्स नव्या क्रमाने शोधले जाऊ लागले, असलेल्या रो सापडेनात आणि युनिक इंडेक्समध्ये दुबार नोंदी शिरल्या. डेटाबेसच्या कोडमधली एकही ओळ बदललेली नव्हती.

बग पुन्हा घडवणे : कधीतरीच घडणारा बग हुकमी घडवता आला, की निम्मे काम झाले. त्यासाठी परिस्थिती अडचणीची करावी. पोस्टग्रेसमध्ये बफर पूल १२८ केबीपर्यंत, म्हणजे अवघ्या १६ पेजांवर आणता येतो आणि चेकपॉइंटचे अंतर ३० सेकंदांपर्यंत. संशयित दोन ओळींच्या मधे थोडी झोप (काही काळ थांबण्याची सूचना) घालावी, सर्व्हर सिग्नल ९ ने वारंवार मारून उठवावा, आणि दर वेळी इंडेक्स व टेबल ताडून पाहावेत.

मग दोषी कमिट (कोडमधील नोंदवलेला बदल) शोधण्यासाठी गिट बायसेक्ट, म्हणजे दर फेरीला निम्मे कमिट वगळत जाणारा शोध. १,००० कमिटांसाठी सुमारे १० फेऱ्या पुरतात. इथे नेहमीची फसगत अशी की कमिट घाईने निर्दोष ठरवले जाते. बग २० धावांत एकदा दिसत असेल, तर ९५ टक्के खात्रीसाठी एकही चूक न होता ५९ धावा पार पडाव्या लागतात. एका कमिटाबद्दल चुकीचा निर्णय झाला, की पुढचा सगळा शोध भलत्या बाजूला जातो.

दुरुस्ती : क्रॅशच्या ओळीवर शून्य पॉइंटरची तपासणी टाकणे ही दुरुस्ती नव्हे, त्याने नुकसान आणखी दूर जाऊन दिसते. कोणता नियम मोडला ते लिहून काढावे, तो नियम असर्टमध्ये (नियम मोडताच प्रोग्रॅम थांबवणाऱ्या तपासणीत) मांडावा आणि चूक नेमक्या क्रमाने घडवणारी चाचणी जोडावी. पोस्टग्रेस १७ पासून अशा चाचण्यांसाठी इंजेक्शन पॉइंटची (कोडमधील ठरावीक जागी थांबवण्याची किंवा चूक घडवण्याची) सोय आहे. जुन्या आवृत्त्यांत पॅच नेताना लॉगचे स्वरूप आणि एक्स्टेन्शन वापरत असलेल्या रचनांची मांडणी बदलू नये.

पॅचने बिघडलेला डेटा सुधारत नाही. पोस्टग्रेस १४ मध्ये टेबल न अडवता इंडेक्स बांधताना काही रो इंडेक्सबाहेर राहत होत्या. २०२२ च्या १४.४ आवृत्तीने तो बग काढला, तरी आधी बांधलेले इंडेक्स तसेच राहिले. ॲमचेक हे साधन टेबलातील प्रत्येक रो इंडेक्समध्ये आहे का ते तपासते. पण हा पर्याय मागून घ्यावा लागतो, नुसत्या तपासणीत इंडेक्सची अंतर्गत रचनाच पाहिली जाते. दोष आढळल्यास इंडेक्स नव्याने बांधावा आणि जुनी फाइल पुढील तपासासाठी बाजूला ठेवावी. रेप्लिका (डेटाबेसची दुसऱ्या सर्व्हरवरची प्रत) लॉगवरून चालत असेल, तर सदोष इंडेक्स तिच्यावरही तसाच पोहोचलेला असतो, म्हणून ती निरोगी प्रत म्हणून धरू नये.