वेताची ओळख पटायला इतका वेळ का लागला?

शाळेतल्या छडीमुळे वेत मराठी माणसाच्या पाठीला ठाऊक आहे, झाड म्हणून मात्र फारसा नाही. बाजारात तो बांबूच्या शेजारी बसतो, म्हणून दोघे एकाच घरातले वाटतात. खरं तर बांबू हे गवत, आणि बहुतेक वेळा पोकळ. वेत आतून भरीव, आणि कुळाने माड-पोफळीचा भाऊबंद. 2015 मध्ये लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानातल्या विल्यम बेकर यांनी वेताच्या काही प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचे गट) मोडून ‘कॅलॅमस’ या एकाच प्रजातीत घातल्या. नावांची ही उलथापालथ समजायची, तर थेट सतराव्या शतकातल्या अंबोन बेटावर जावं लागतं.

आज इंडोनेशियात असलेल्या या बेटावर डच कंपनीच्या नोकरीत गेऑर्ग रुम्फियस हा जर्मन माणूस होता. 1670 मध्ये त्याची दृष्टी गेली, 1674 च्या भूकंपात बायको आणि मुलगी गेली, 1687 च्या आगीत वनस्पतींची चित्रं जळाली. पुन्हा सगळं उभं करून वनस्पतींवरच्या ग्रंथाचं हस्तलिखित युरोपला धाडलं, तर 1692 मध्ये फ्रेंचांनी ते जहाजच बुडवलं. बटाव्यात, म्हणजे आजच्या जाकार्तात, नक्कल ठेवलेली होती म्हणून ग्रंथ वाचला. तरी तो छापायला 1741 साल उजाडलं. रुम्फियसला जाऊन तेव्हा जवळजवळ चाळीस वर्षं झाली होती. या ग्रंथात त्याने वेतांना ‘पाल्मियुंकुस’ म्हटलं, म्हणजे अर्धा माड, अर्धा लव्हाळा. डोळे गेलेल्या माणसाने नेमकं तेच पकडलं ज्यावर पुढचे लोक घसरले.

1753 मध्ये स्वीडनच्या वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने ‘कॅलॅमस रोटांग’ हे नाव दिलं. पण त्याची वर्गवारी पुंकेसर मोजून चाले. वेताचे सहा, म्हणून तो लव्हाळ्याच्या शेजारी जाऊन बसला. माड मात्र लिनियसच्या ग्रंथाच्या शेवटी, वेगळ्या पुरवणीत. लिनियसला हसण्यात अर्थ नाही. वाळलेल्या तुकड्यावरून वेत ओळखणं आजही सोपं नाही.

अडचण झाडाच्या बांध्यातच आहे. वेताचं खोड कोवळेपणी जेवढं जाड, तेवढंच शेवटपर्यंत राहतं. वाढतो तो लांबीने. ‘कॅलॅमस मनान’सारख्या मलायातल्या वेताची दीडशे मीटरहून लांब खोडं नोंदलेली आहेत. एवढं लांबलचक खोड स्वतःच्या जोरावर उभं राहत नाही, शेजारच्या झाडांवर अडकत वर जातं. अडकायची सोय दोन प्रकारची. काही जातींत पानाचा मधला दांडा पुढे चाबकासारखा लांबतो आणि त्यावर उलट्या आकड्यांचे झुपके असतात. दुसऱ्या जातींत फुलोराच वांझ होऊन आकड्यांची दोरी बनतो आणि पानाच्या तळातून निघतो. काहींत दोन्ही नाहीत.

पानाचा हा तळ म्हणजे पोफळीच्या विरीसारखं आवरण. ते खोडाला घट्ट लपेटून असतं आणि बाहेरून काट्यांनी भरलेलं. काटे कडी करून आहेत की विखुरलेले, सपाट की सुईसारखे, यावरून जात ठरते. आता जंगलात घामाघूम झालेला संग्राहक काय करणार? पानाचं टोक कापून कागदावर दाबणार. काटेरी विरी राहिली जंगलात, तिच्यातून निघणारी दोरीही तिथेच. कॅलॅमसमध्ये नर आणि मादी झाडंही वेगवेगळी, त्यामुळे फुलं मिळाली तरी खवल्याखवल्यांचं फळ हाती लागेलच असं नाही.

ही तुकड्यांची गुंतवळ ज्याने सोडवली तो इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ ओदोआर्दो बेक्कारी. 1865 पासून बोर्निओ बेटावरच्या सारावाकच्या जंगलात त्याने स्वतः वेत गोळा केले होते, म्हणूनच इतरांच्या तुकड्यांतून काय हरवलंय हे त्याला कळे. कॅलॅमसवरचं त्याचं मोठं काम 1908 मध्ये छापलं ते कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाने. आपल्या सह्याद्रीतल्या ‘कॅलॅमस थ्वेटेसी’ आणि ‘कॅलॅमस स्यूडोटेन्युइस’ या जातींची नावंही बेक्कारीचीच. दक्षिण कोकण, गोवा, कारवारकडच्या दाट रानात हे वेत भेटतात, आणि दोघेही पानातळच्या दोरीने चढणारे.

त्यानंतर बराच काळ सामसूम. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन ड्रान्सफील्ड यांचं मलाया द्वीपकल्पातल्या वेतांवरचं पुस्तक 1979 मध्ये आलं. पश्चिम घाटासाठी असंच काम केरळ वनसंशोधन संस्थेत सी. रेणुका यांनी केलं. मधल्या काळात फुलोऱ्यावरची आवरणं नावेसारखी दिसली की ‘डेमोनोरॉप्स’ ही वेगळी प्रजाती, नळीसारखी दिसली की ‘कॅलॅमस’ अशी वाटणी रूढ झाली होती. डीएनए तपासल्यावर दिसलं की डेमोनोरॉप्स हा बाहेरचा कुणी नसून कॅलॅमसच्याच गोतावळ्यातला आहे. म्हणून 2015 चं विलीनीकरण. चारशेहून जास्त जातींची कॅलॅमस ही आता माडकुळातली सर्वांत मोठी प्रजाती.

व्यापाऱ्याला या नावांशी देणंघेणं नसतं, असं म्हणतात. पण एक भेद त्यालाही परवडत नाही विसरायला. काही वेत बेटाने वाढतात. एक कापला तरी बुंध्यातून नवे येतात. ‘मनान’ मात्र एकखोडी. माडासारखा त्याला एकच कोंभ, आणि कापला की झाड संपलं. फर्निचरच्या जाड सांगाड्याला सगळ्यात जास्त मागणी नेमकी याच वेताला आहे.