बारावीनंतर लॉ: पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाचा प्रवेश, पात्रता आणि कागदपत्रं

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ओळखीतल्या एका मुलीला लॉच्या सीईटीत, म्हणजे प्रवेश परीक्षेत, छान गुण पडले होते. वडील प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये सगळे दाखले नीट लावून घेऊन आले. जातीचा दाखला होता, पडताळणी झालेली होती. नॉन क्रिमिलेअरचा, म्हणजे मागासवर्गातलं कुटुंब सधन गटात मोडत नाही याचा, कागद हातात घेतला तर खाली वैधता ३१ मार्चपर्यंत, म्हणजे अर्ज भरायच्या कितीतरी आधी संपलेली. नवा दाखला मुदतीत आला नाही आणि तिचं नाव खुल्या प्रवर्गात गेलं. हवं ते कॉलेज हुकलं. तेव्हापासून मी बारावीच्या मुलांना एकच सांगतो: अभ्यास करालच, पण दाखल्यांची कामं डिसेंबर-जानेवारीतच उरकून घ्या.

आधी हा अभ्यासक्रम काय आहे ते पाहू. बारावीनंतर पाच वर्षांत दोन पदव्या एकत्र मिळतात. बहुतेक ठिकाणी त्याला बीए एलएलबी म्हणतात, मुंबई विद्यापीठात बीएलएस एलएलबी. पहिल्या वर्षी कायद्याची कलमं कमीच असतात. राज्यशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, इंग्रजी असे विषय असतात आणि पुष्कळ मुलं ‘हे कशाला?’ म्हणून नाराज होतात. मला ते वर्ष सगळ्यांत मोलाचं वाटतं. रखमाबाईंचा खटला घ्या. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नांदायला जायचं नाकारलं, म्हणून १८८४ मध्ये पतीने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, तर १८८७ मध्ये दुसऱ्या न्यायाधीशांनी ‘नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात’ असा हुकूम दिला. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. कायदा काय म्हणतो, समाज काय म्हणतो आणि न्याय्य काय, हे तीन वेगळे प्रश्न आहेत हे ज्याला पहिल्या वर्षी कळलं, त्याला पुढची चार वर्षं सोपी जातात. वकिलीच्या नीतिमत्तेचा स्वतंत्र पेपरही बार कौन्सिल ऑफ इंडियाने, म्हणजे वकिली व्यवसायाचं नियमन करणाऱ्या संस्थेने, सक्तीचा केला आहे, तो पुढच्या वर्षांत येतो.

पात्रता साधी आहे. बारावी कोणत्याही शाखेतून उत्तीर्ण. कला, वाणिज्य, विज्ञान असा भेद नाही. गुणांची किमान अट बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांतली: खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, इतर मागासवर्गीयांना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०. बारावीच्या परीक्षेला बसलेल्यांनाही सीईटी देता येते, प्रवेशाच्या वेळी मात्र निकाल हातात हवा.

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांशी संलग्न लॉ कॉलेजांसाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे सीईटी सेल, परीक्षा घेतो. मुंबईचं १८५५ पासूनचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज, पुण्याचं १९२४ मध्ये सुरू झालेलं आयएलएस, ही याच वाटेने मिळतात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची राष्ट्रीय विधी विद्यापीठं या सीईटीतून मिळत नाहीत. त्यांच्यासाठी क्लॅट ही वेगळी परीक्षा, वेगळा अर्ज. दोन्ही द्यायच्या असतील तर क्लॅटचा अर्ज आधी येतो, त्यावर लक्ष ठेवा.

सीईटी संगणकावर होते, प्रश्न बहुपर्यायी असतात आणि ते मराठीतही येतात. कायद्याची समज, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, तर्कक्षमता, इंग्रजी आणि थोडं गणित असे भाग आहेत. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न सोडू नका. अर्जात नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसंच लिहा. आधारवर वडिलांचं नाव अर्धवट असेल तर ते आत्ताच दुरुस्त करून घ्या.

आता सगळ्यांत जास्त मुलं जिथे चुकतात ती जागा. सीईटीचा अर्ज म्हणजे प्रवेशाचा अर्ज नव्हे. निकालानंतर केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची, म्हणजे कॅपची, नोंदणी वेगळी करावी लागते, तिचं शुल्क वेगळं, तिची मुदत वेगळी. ‘सीईटी दिलीय, आता कॉलेजचा फोन येईल’ असं समजून घरी बसलेली मुलं मी पाहिली आहेत. फोन येत नाही. नोंदणी झाली की कागदपत्रांची ऑनलाइन छाननी होते. त्रुटी निघाली तर अर्ज शेऱ्यासह परत येतो आणि दुरुस्तीला मोजके दिवस मिळतात, म्हणून त्या काळात रोज लॉगिन करून पाहायचंच. मग तात्पुरती गुणवत्ता यादी, हरकती, अंतिम यादी आणि कॉलेजांचा पसंतीक्रम. पसंतीक्रम भरताना ‘आपल्याला मिळेल का’ हा विचार बाजूला ठेवा. जे सगळ्यांत हवं ते सगळ्यांत वर. यंत्रणा वरून खाली पाहत येते. वरचं नाही मिळालं म्हणून खालचं जात नाही.

कागदपत्रांत दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि फोटो सगळ्यांनाच लागतात. त्यापुढे महाराष्ट्राचा उमेदवार म्हणून अर्ज करायचा तर वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र काढून ठेवा. ते तहसील कार्यालयाकडून, आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतू केंद्रातून मिळतं आणि राज्यात किमान १५ वर्षं वास्तव्याचा पुरावा मागतात. सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी वेगळा उमेदवारी प्रकार आहे. बेळगाव, निपाणीकडे राहणाऱ्यांनी तो माहितीपुस्तिकेत जरूर पाहावा. मायबोली मराठी असल्याचा दाखला त्यात महत्त्वाचा असतो.

राखीव जागेसाठी जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, आणि अनुसूचित जाती-जमाती सोडून इतरांना चालू वर्षाचं नॉन क्रिमिलेअर. वैधता प्रमाणपत्राला सगळ्यांत जास्त वेळ लागतो, कारण तिथे प्रश्न तुमचा नसून तुमच्या पणजोबांचा असतो. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचे पुरावे जात पडताळणी समिती पाहते. म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरचा उतारा, गावच्या जन्म-मृत्यू नोंदी, जुने महसुली कागद. नोंद मोडी लिपीत असेल तर लिप्यंतर करून घ्यावं लागतं. चुलत्याला किंवा सख्ख्या भावंडाला वैधता मिळालेली असेल तर त्याची प्रत आणि वंशावळ जोडा, काम बरंच हलकं होतं. अकरावीतच सुरुवात करा. अर्ज केल्याच्या पावतीवर तात्पुरता प्रवेश द्यायचा का, पुढे किती मुदत द्यायची, हे शासन त्या त्या वर्षी ठरवतं. त्याच्या भरवशावर राहू नये.

वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाच्या आठ लाखांच्या मर्यादेबद्दल फार गोंधळ असतो. नॉन क्रिमिलेअर ठरवताना पगार आणि शेतीचं उत्पन्न त्या आठ लाखांत धरत नाहीत. आई-वडिलांचं पद कोणत्या गटातलं (अ, ब, क की ड) हे मात्र तपासतात. आर्थिक दुर्बल घटकाच्या, म्हणजे ईडब्ल्यूएसच्या दाखल्यात पगार, शेती, धंदा सगळं मोजतात. वडील शिक्षक आहेत म्हणून ‘आपल्याला नॉन क्रिमिलेअर मिळणारच नाही’ असं ठरवून बसलेली घरं आहेत. तहसीलला जाऊन एकदा विचारा.

जागा मिळाली की दिलेल्या मुदतीत मूळ कागद घेऊन कॉलेजात हजर व्हायचं. मूळ कागदांचे सगळे स्कॅन आणि झेरॉक्सचे दोन-तीन संच घरी ठेवा, कारण मूळ दाखले कॉलेजात जमा करावे लागू शकतात आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाला पुन्हा तेच लागतात.

फीचं म्हणाल तर, ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि इतर मागासवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश कॅपमधून झालेला हवा. कॉलेजच्या व्यवस्थापन कोट्यातून ‘आत्ताच जागा देतो’ असं कुणी म्हणालं तर सही करण्याआधी हे लक्षात घ्या; पाच वर्षांची माफी त्या एका सहीने जाते. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा. पुढच्या प्रत्येक वर्षी त्याचं नूतनीकरण लागतं, आणि उत्पन्नाचा दाखला तेव्हाही चालू असावा लागतो.