आयसीयूतल्या पेशंटसाठी व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी
आयसीयूतल्या पेशंटचं दुखणं आणि घाबरेपणा कमी व्हावा म्हणून त्याच्या डोळ्यांवर हेडसेट लावून त्याला थोडा वेळ समुद्रकिनारा, जंगल असं काहीतरी आजूबाजूला असल्यासारखं दाखवतात, ही व्हीआर थेरपी. औषधं बंद करून नाही, औषधांच्या जोडीला.

सुरुवात झाली ती भाजलेल्या पेशंटपासून. जखमेचं ड्रेसिंग बदलताना मॉर्फिनसारखं औषध देऊनसुद्धा माणूस कळवळतो, म्हणून १९९०च्या दशकात सिअ‍ॅटलमध्ये हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञांनी यावर काम सुरू केलं आणि पुढे त्यातून स्नोवर्ल्ड हा व्हीआर गेम आला, ज्यात बर्फाच्या दरीतून जात बर्फाचे गोळे मारायचे. दुखणं जाणवायलाही लक्ष लागतं आणि ते दुसरीकडे गुंतलं की दुखणं कमी जाणवतं, असा यामागचा विचार. २००४ च्या एमआरआय अभ्यासात निरोगी लोकांना चटका देऊन बघितलं तर व्हीआर चालू असताना मेंदूतल्या वेदनेशी संबंधित भागांचं काम खरंच कमी झालेलं दिसलं.

आयसीयूत याची गरज जास्तच आहे असं मला वाटतं, कारण आता पेशंटला गाढ झोपवून ठेवायचं शक्यतो टाळतात, ते बरोबरच आहे, पण मग श्वासासाठी घशात घातलेली नळी, सक्शन (नळीतला कफ ओढून काढणं), अलार्मचे आवाज, रात्रीसुद्धा चालू दिवे हे सगळं त्याला जागेपणी सोसावं लागतं आणि बोलताही येत नाही. इथे गेम नाही चालत, शांत दृश्यं लागतात, तीही आडवं पडून मान फारशी न हलवता बघता येतील अशी आणि थोडाच वेळ.

सगळ्यांना हे लावता येत नाही. फिट येणारे, डोक्याला किंवा चेहऱ्याला मार लागलेले, भ्रमात असलेले (डिलिरियम, म्हणजे आजारपणात भान हरपून गोंधळलेले) अशांना सहसा टाळतात, काहींना मळमळतं, आणि हेडसेट प्रत्येक वेळी नीट निर्जंतुक करावा लागतो.

आतापर्यंतचे अभ्यास बरेचसे छोटे आहेत. घाबरेपणा कमी झाल्याचं त्यात बऱ्याचदा दिसतं, पण भ्रम टळतो किंवा पेनकिलर कमी लागतात असं ठामपणे म्हणता येत नाही. मोजणंही अवघड, नळी असलेल्या पेशंटचं दुखणं बऱ्याचदा चेहरा, हालचाल, ताठलेले स्नायू यावरून ओळखावं लागतं. म्हणूनच हेडसेट चढवायच्या आधी "नको वाटलं तर हात उचला" अशी खूण त्याच्याशी ठरवून घेणं आणि पूर्ण वेळ कुणीतरी जवळ थांबणं अगदी गरजेचं आहे.